मालाचा माग : तंबाखूची तस्करी आणि शासकीय नियमन

तंबाखूची तस्करी म्हणजे कर चुकवून किंवा बंदी मोडून तंबाखूचा माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणे आणि विकणे. हा धंदा मालाच्या दोन गुणांवर पोसला जातो. माल हलका आणि टिकाऊ असतो, आणि त्याच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे 1 कोटी सिगारेटी मावतात. त्या बनवायला खर्च थोडा आणि त्यांवरचा कर त्याच्या कितीतरी पट असल्यामुळे एक कंटेनर कर न भरता बाजारात उतरला, तरी वाटेतल्या सगळ्यांचे हात ओले करून नफा उरतो.

अमली पदार्थ तयार होतात त्या क्षणापासून बेकायदा असतात. तंबाखूचे तसे नाही. बहुतेक देशांत तो परवान्याने, उघड कारखान्यात, कामगार कायद्यांच्या कक्षेत तयार होतो आणि पुढे वाटेत कुठेतरी बेकायदा ठरतो. ते ठिकाण नेमके कोणते, हा तस्करीविरोधी नियमनाचा मूळ प्रश्न आहे. सरकारे दीर्घकाळ त्याचे उत्तर सीमेवर शोधत राहिली. गेल्या तीन दशकांच्या अनुभवाने ते उत्तर कारखान्याच्या दाराशी आणून ठेवले.

तस्करीच्या वाटा

माल कायद्याच्या बाहेर जाण्याच्या मुख्य वाटा पाच आहेत. पहिली निर्यातीची. निर्यातीच्या किंवा एका देशातून दुसऱ्या देशात निघालेल्या मालावर वाटेत कर लागत नाही. तो माल कागदोपत्री परदेशी पोचतो आणि प्रत्यक्षात मधल्या एखाद्या मुक्त व्यापार क्षेत्रातून मूळ बाजारात परततो. दुसरी वाट कमी कराच्या प्रदेशातून जास्त कराच्या प्रदेशात गाड्या भरून नेण्याची. तिसरी नकली मालाची.

चौथ्या वाटेवर काही ब्रँड मुख्यतः तस्करीसाठीच तयार होतात. रशियाच्या कॅलिनिनग्राद प्रांतात तयार होणाऱ्या 'जिन लिंग' सिगारेटींना युरोपीय संघात कायदेशीर बाजारपेठ जवळजवळ नव्हती, तरी 2000 नंतरच्या काळात त्या पश्चिम युरोपात मोठ्या संख्येने पकडल्या जात होत्या. पाचवी वाट देशातल्या देशात राहते. कारखान्यात यंत्रे दोन पाळ्या चालतात आणि वहीत एकच पाळी दिसते.

वाटा वेगळ्या असल्या तरी पाचांपैकी चार वाटांची सुरुवात परवाना असलेल्या कारखान्यातून होऊ शकते. नकली माल तेवढा त्याला अपवाद, आणि त्यालाही कागद, फिल्टर आणि यंत्रे कुठून तरी विकत घ्यावी लागतात.

कॅनडाची नदी

कर जास्त म्हणून तस्करी होते, तेव्हा कर उतरवा, हा युक्तिवाद तंबाखू उद्योग सर्वत्र करत आला आहे. त्याची सर्वांत मोठी परीक्षा कॅनडात झाली. 1980 च्या दशकात कॅनडाने सिगारेटींवरील कर टप्प्याटप्प्याने वाढवले आणि 1991 मध्ये मोठी वाढ केली. त्यानंतर कॅनडाची अमेरिकेला होणारी सिगारेटींची निर्यात एकाएकी फुगली. अमेरिकी धूम्रपान करणारे कॅनडाचे ब्रँड फारसे घेत नाहीत, त्यामुळे हा माल तिथे कोण ओढणार, हा प्रश्न साहजिक होता. निर्यातीवर कर नव्हता. माल न्यूयॉर्क राज्यात जाई आणि सेंट लॉरेन्स नदी ओलांडून पुन्हा कॅनडात येई. मोहॉक या मूळनिवासी लोकांची ॲक्वेसास्ने ही वसाहत ओंटारिओ, क्वेबेक आणि न्यूयॉर्क या तिन्हींच्या हद्दींत पसरलेली आहे. तिथून उन्हाळ्यात बोटी आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून हिमगाड्या, अशी ही वाहतूक चाले.

फेब्रुवारी 1992 मध्ये संघ सरकारने निर्यातीच्या सिगारेटींवर कार्टनमागे 8 डॉलर कर बसवला आणि निर्यात लगेच घसरली. म्हणजे दुखणे कुठे आहे ते कळले होते आणि औषधही लागू पडत होते. उद्योगाने कडाडून विरोध केला आणि दोनेक महिन्यांत सरकारने हा कर मागे घेतला. पुढे 8 फेब्रुवारी 1994 रोजी पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांच्या सरकारने देशांतर्गत करच कमी केला. क्वेबेक आणि ओंटारिओसह पूर्वेकडील पाच प्रांतांनीही आपापले कर उतरवले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा उपाय होता. पूर्वेतली तस्करी ओसरली, पण महसूलही बुडाला आणि तरुणांमधले उतरणीला लागलेले धूम्रपान पुन्हा वर गेले. ब्रिटिश कोलंबियासारख्या पश्चिमेकडील प्रांतांनी मात्र चढे कर तसेच ठेवले. तिथे तस्करीचा पूर आला नाही. कर हे एकच कारण असते, तर तो तिथेच आधी यायला हवा होता.

या प्रकरणाचा शेवट न्यायालयात झाला. 2008 मध्ये इंपीरियल टोबॅको कॅनडा आणि रॉथमन्स, बेन्सन अँड हेजेस या दोन कंपन्यांनी उत्पादन शुल्क कायद्याखालील गुन्हा कबूल केला. दंड आणि दिवाणी तडजोड मिळून 1.15 अब्ज कॅनडियन डॉलर भरायचे ठरले. 2010 मध्ये जेटीआय-मॅकडोनाल्ड आणि आर. जे. रेनॉल्ड्स समूहाशी निगडित प्रकरणातही असाच 55 कोटी डॉलरचा निवाडा झाला. नदीवर बोटी वल्हवणाऱ्यांना माल कुठून मिळत होता, हे सरकारी दप्तरात नोंदले जायला दीड दशक लागले.

ब्रिटन आणि स्पेन

ब्रिटनने नेमका उलटा रस्ता धरला. 1990 च्या दशकात तिथे सिगारेटींवरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा जास्त दराने वाढत होता आणि तस्करीही वाढत होती. 2000-01 मध्ये ब्रिटनमध्ये ओढल्या जाणाऱ्या सिगारेटींपैकी सुमारे 22 टक्के सिगारेटींवर कर भरलेला नव्हता. कर कमी करण्याचा दबाव असताना सरकारने मार्च 2000 मध्ये तस्करीविरोधी धोरण जाहीर केले आणि त्यासाठी 20.9 कोटी पौंड मंजूर केले. सीमाशुल्क खात्यात मनुष्यबळ वाढले, बंदरांवर कंटेनर आरपार पाहणारी क्ष-किरण यंत्रे बसली, कर भरलेल्या पाकिटांवर ठळक खूण छापणे सक्तीचे झाले आणि शिक्षा कडक झाल्या.

पकडलेल्या मालात ब्रिटनमध्येच बनलेल्या आणि परदेशी निर्यात झालेल्या सिगारेटींचा भरणा मोठा होता. म्हणून 2006 मध्ये कायद्यात पुढची पायरी घातली गेली. आपला माल तस्करीत जाणार नाही याची खबरदारी घेणे ही उत्पादकाची कायदेशीर जबाबदारी ठरली. निर्यातीच्या देशात खरोखर जितकी मागणी आहे, तितकाच माल पाठवणे यात आले. कसूर झाल्यास 50 लाख पौंडांपर्यंत दंडाची तरतूद झाली. पुढच्या काही वर्षांत बेकायदा सिगारेटींचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास उतरला, आणि त्या काळात ब्रिटनमधल्या सिगारेटी युरोपातल्या सर्वांत महागड्या सिगारेटींमध्येच मोजल्या जात होत्या.

स्पेनमध्ये सिगारेटी युरोपच्या मानाने स्वस्त होत्या, तरीही 1990 च्या दशकाच्या मध्याला बाजारातला सुमारे 15 टक्के माल तस्करीचा होता. त्यातला बराच माल पिरेनीज पर्वतातल्या अँडोरा या चिमुकल्या देशातून उतरे. 1993 ते 1997 या काळात ब्रिटनमधून अँडोराला जाणाऱ्या सिगारेटी 1 कोटी 30 लाखांवरून 150 कोटींच्या वर गेल्या. तिथले सगळे रहिवासी अहोरात्र ओढत बसले असते, तरी त्या संपल्या नसत्या. स्पेन, फ्रान्स, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या तपासयंत्रणेने 1997 पासून एकत्र दबाव आणला, अँडोराने कायदे बदलले आणि काही वर्षांत स्पेनमधल्या तस्करीचा वाटा पाच टक्क्यांच्या खाली आला. स्पेनने हे रस्त्यावरच्या विक्रेत्यांची धरपकड करून साधले नव्हते. पुरवठ्याची तोटी बंद झाली होती.

ब्राझीलचा धडा

कारखान्यावर नजर ठेवली की काम भागते, असे मात्र नाही. ब्राझीलचे कारखाने पॅराग्वेला सिगारेटी निर्यात करत आणि त्या फोझ दो इग्वासू व सिउदाद देल एस्ते या जुळ्या शहरांमधल्या पुलावरून परत ब्राझीलमध्ये येत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने सिगारेटींच्या निर्यातीवर 150 टक्के कर बसवला. कॅनडासारखा तो मागेही घेतला नाही. निर्यात आटली. मग पॅराग्वेच्या हद्दीत नवे कारखाने उभे राहिले आणि त्याच पुलावरून आता पॅराग्वेत बनलेला माल येऊ लागला. ब्राझीलने पुढे आपल्या कारखान्यांत प्रत्येक पाकीट मोजणारी आणि त्यावर सांकेतिक शिक्का उमटवणारी यंत्रणा बसवली. तिने घरचा चोरटा माल रोखला, पण नदीपलीकडच्या कारखान्यावर ब्राझीलचा अधिकार चालत नव्हता. एका सरकारचा कायदा त्याच्या हद्दीपाशी थांबतो, माल थांबत नाही. आंतरराष्ट्रीय कराराची गरज इथून निर्माण झाली.

सेऊलचा पूरक करार

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणविषयक चौकट करार 2003 मध्ये संमत झाला आणि 27 फेब्रुवारी 2005 रोजी अमलात आला. भारताने तो 5 फेब्रुवारी 2004 रोजी स्वीकारला. त्याचे कलम 15 बेकायदा व्यापाराविषयी आहे, पण ते उद्दिष्टे सांगण्यापुरतेच. त्याला हातपाय देणारा स्वतंत्र पूरक करार 12 नोव्हेंबर 2012 रोजी सेऊल येथे संमत झाला. पुरेशा देशांची मान्यता मिळायला आणखी सहा वर्षे लागली आणि 25 सप्टेंबर 2018 रोजी तो लागू झाला. भारत त्यात 5 जून 2018 रोजी सामील झाला.

या पूरक करारात सीमेवरच्या पहाऱ्यापेक्षा पुरवठ्याच्या साखळीला जास्त जागा आहे. तंबाखूच्या वस्तू आणि त्या बनवणारी यंत्रे तयार करायला, आयात करायला किंवा निर्यात करायला परवाना हवा. उत्पादकाने आपले गिऱ्हाईक कोण आहे आणि त्याची मागणी त्याच्या बाजाराला शोभणारी आहे का, हे पडताळायचे. मुक्त व्यापार क्षेत्रांना या नियमांतून सूट नाही आणि तिथून बाहेर पडताना तंबाखू दुसऱ्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये मिसळायचा नाही.

सर्वांत महत्त्वाचे कलम 8 आहे. त्यानुसार प्रत्येक पाकिटावर न पुसता येणारी, एकमेव ओळख खूण असली पाहिजे. कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशी आणि कोणत्या बाजारासाठी ते तयार झाले, हे तीवरून कळले पाहिजे. सिगारेटींसाठी पाच वर्षांची आणि इतर तंबाखूसाठी दहा वर्षांची मुदत दिली गेली. पकडलेल्या पाकिटाचा प्रवास उलटा वाचता यावा, हा हेतू. ही जबाबदारी तंबाखू उद्योगाकडे सोपवायची नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. ही अट घालावी लागली, कारण मोठ्या कंपन्यांनी स्वतः तयार केलेली खूणपद्धती सरकारांपुढे ठेवली होती. ज्याच्या मालावर पाळत ठेवायची, त्याच्याच हाती वही देण्यासारखे ते झाले असते. युरोपीय संघाने 20 मे 2019 पासून सिगारेटी व हाताने वळायच्या तंबाखूसाठी आणि 20 मे 2024 पासून बाकीच्या तंबाखूसाठी अशी माग काढणारी यंत्रणा सुरू केली.

पूरक कराराची उणीव त्याच्या सभासदांच्या यादीत आहे. इंडोनेशिया तर मूळ चौकट करारातही नाही, आणि भारतीय बंदरांवर पकडल्या जाणाऱ्या सिगारेटींत इंडोनेशियात बनलेल्या लवंगयुक्त सिगारेटी नेहमी सापडतात.

भारत : पानापासून पाकिटापर्यंत

तंबाखूचा माग ठेवणे भारताला नवे नाही. 1943 मध्ये कच्च्या तंबाखूवर उत्पादन शुल्क बसले, तेव्हापासून शेतातून निघालेल्या पानाची नोंद होत होती. तंबाखू सुकवणाऱ्याला परवाना, गोदामाला परवाना, माल हलवायला वाहतूक परवाना, अशी ती पद्धत होती. निपाणीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शुल्क निरीक्षकाची वही चांगलीच परिचित होती. या पद्धतीचा जाच मोठा होता आणि तो मुख्यतः लहान उत्पादकाला होई. 1979 च्या अर्थसंकल्पाने कच्च्या तंबाखूवरील शुल्क काढून टाकले आणि त्यासोबत पानाची नोंदही संपली. सिगारेटीच्या तंबाखूपुरते 1976 मध्ये स्थापन झालेले गुंटूर येथील तंबाखू मंडळ शेतकऱ्यांची नोंदणी आणि लिलाव सांभाळते. विडीच्या आणि खाण्याच्या तंबाखूला तशी व्यवस्था नाही.

विदेशी सिगारेटींची चोरटी आयात रोखण्याचे काम सीमाशुल्क खाते आणि महसूल गुप्तचर संचालनालय 1962 च्या सीमाशुल्क अधिनियमाखाली करतात. गंभीर प्रकरणांत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्हावाशेवा बंदरात भलत्याच मालाच्या नावाने आलेल्या कंटेनरमध्ये सिगारेटी सापडल्याच्या घटना वेळोवेळी नोंदल्या गेल्या आहेत. दुकानात असा माल ओळखणे अवघड नाही. 1 एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या दर्शनी भागाच्या 85 टक्के जागेवर चित्रमय इशारा सक्तीचा आहे आणि चोरट्या पाकिटावर तो नसतो किंवा वेगळा असतो. म्हणजे आरोग्यासाठी केलेला नियम तस्करी उघडी पाडण्याच्याही कामी येतो.

महाराष्ट्र : बंदीनंतरची पुडी

सिगारेट हा भारताच्या तंबाखूचा लहान भाग आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. सिगारेट ओढणारे 4 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू खाणारे 21.4 टक्के. महाराष्ट्रात धूम्रपान 3.8 टक्के आणि धूरविरहित तंबाखूचे सेवन 24.4 टक्के होते. म्हणून या राज्यातली तंबाखूची तस्करी प्रामुख्याने पुडीची आहे.

महाराष्ट्राने 1 ऑगस्ट 2002 पासून पाच वर्षांसाठी गुटखाबंदी केली होती. राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला असा अधिकार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ती रद्द केली. नंतर अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 आला आणि त्याखालील 2011 च्या विनियमांनी कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन मिसळण्यास मनाई केली. या पायावर मध्य प्रदेशाने एप्रिल 2012 मध्ये आणि महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये बंदी आणली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही बंदीत आली. कायद्यानुसार असा आदेश एका वेळी एकच वर्ष चालतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूचा असाच आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वर्षावर्षाच्या आदेशाचा पाया किती डळमळीत असतो, हे त्यातून दिसले.

बंदीला पहिली पळवाट उत्पादकांनी काढली ती जोडपुडीची. एका पुडीत पानमसाला आणि दुसरीत तंबाखू. दोन्ही गिऱ्हाइकाच्या तळहातावर एक होतात आणि गुटखा तयार होतो. सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या युक्तीची दखल घेऊन बंदीची अंमलबजावणी करण्याचे आदेश राज्यांना दिले. दुसरी पळवाट नकाशातच आहे. शेजारच्या राज्यात पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी, रीतसर बिलावर तयार होऊ शकते. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की तोच माल बेकायदा होतो. विदर्भातला खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रातला मावा टपरीवर घोटला जातो, पण त्यात पडणारा सुगंधित तंबाखू बाहेरून येतो. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हद्दींवरचे करनाके उठले. व्यापाराला ते सोयीचे झाले, तसेच चोरट्या मालालाही.

अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आणि पोलीस करतात. विषारी पदार्थ देऊन इजा पोचवण्याचे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे भारतीय दंड संहितेतील कलम 328 पोलीस लावत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने असे गुन्हे रद्द केले होते. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि अन्नसुरक्षा कायद्याबरोबर दंड संहितेखालीही कारवाई होऊ शकते, असे स्पष्ट केले. शिक्षेचा धाक वाढला, पण जाळ्यात येणारे बहुधा तेच राहिले : टपरीवाला, टेम्पोचालक, गोदामाचा राखणदार. ॲक्वेसास्नेच्या नदीवर बोटी वल्हवणाऱ्यांची जागा इथे टेम्पोचालकाने घेतली आहे.

यंत्र मोजण्याचा उपाय

पुडीच्या धंद्यात मोजण्याजोगी गोष्ट म्हणजे पुडी भरणारे यंत्र. कच्चा माल रोखीने येतो आणि पक्का माल रातोरात निघून जातो. यंत्र मात्र जागचे हलवायला अवघड, आणि मिनिटाला किती पुड्या भरते हे ठरलेले. म्हणून 2008 मध्ये केंद्र सरकारने पानमसाल्यावरील उत्पादन शुल्क यंत्रांच्या संख्येवर आणि क्षमतेवर आकारायला सुरुवात केली. वस्तू व सेवा कर आल्यावर ती पद्धत मागे पडली. 2024 मध्ये पानमसाला आणि तंबाखू बनवणाऱ्यांना यंत्रांची नोंदणी पुन्हा सक्तीची झाली, आणि नोंद नसलेल्या यंत्रामागे 1 लाख रुपये दंड ठरला. 2025 च्या वित्त अधिनियमाने वस्तू व सेवा कर कायद्यात कलम 148क घालून निवडक मालाच्या प्रत्येक पाकिटावर विशिष्ट ओळख खूण सक्तीची करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पानमसाल्याच्या यंत्रांच्या क्षमतेवर उपकर बसवणारा कायदा संसदेने केला.

या तरतुदी मुख्यतः महसुलासाठी आहेत. तस्करीविरोधात त्या उपयोगी पडायच्या, तर आणखी तीन गोष्टी लागतात. यंत्रांची नोंद केंद्रीय कर खात्याच्या दप्तरातच न राहता ज्या राज्यांत बंदी आहे तिथल्या अन्न प्रशासनालाही दिसली पाहिजे. पुडीवरची खूण वाचून ती कोणत्या यंत्रातून आणि कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून निघाली, हे टपरीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला जागेवरच कळले पाहिजे. आणि माग जिथे पोचेल तिथल्या उत्पादकावर, तो परराज्यात असला तरी, खटला चालला पाहिजे. ब्रिटनने 2006 मध्ये उत्पादकावर टाकली तशी जबाबदारी भारताच्या राज्याराज्यांमध्ये अजून कोणी स्पष्टपणे टाकलेली नाही.

जप्त केलेला माल जाळला की वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि कारवाई पूर्ण झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या मालाच्या प्रत्येक पुडीवर तिच्या उगमाचा पत्ता असायला हवा, आणि तो वाचून झाल्याशिवाय ती जाळता कामा नये.